७२० फुटांच्या अभ्यासिकेला किती टन एसी? माणसं, लॅपटॉप, पंखे यांची उष्णता धरायची कशी?

पोहेजलेबी

नमस्कार मंडळी. इंदूरला भंवरकुआंजवळ आमचं घर आहे. पहिल्या मजल्यावरचा हॉल भाडेकरू गेल्यापासून रिकामाच आहे. आजूबाजूला एमपीपीएससी (मध्य प्रदेश लोकसेवा आयोग) आणि बँकेच्या परीक्षांची पोरं खच्चून भरलेली, म्हणून तिथे अभ्यासिका काढायचं ठरवलंय (इथे सगळे तिला लायब्ररीच म्हणतात, पुस्तक एक नसतं). सकाळी ६ ते रात्री ११, खुर्च्या ४०.

हॉल ३६ बाय २० फूट, उंची साडेदहा. वर आम्ही राहतो, खाली दुकानं. पश्चिमेची भिंत शेजाऱ्यांना लागून, रस्त्याकडच्या खिडक्या उत्तरेला. सहा जुने पंखे आहेत, १२ एलईडी ट्यूब लावणार, शिवाय प्रत्येक टेबलाला छोटा दिवा.

एका दुकानदाराने खाली उभ्या उभ्याच "दो-दो टन के तीन लगेंगे" सांगितलं. दुसरा म्हणाला, दीड-दीडचे दोन पुरे, उगाच खर्च कशाला. सहा टन आणि तीन टन! एकाच हॉलसाठी! दोघांपैकी एकानेही किती मुलं बसणार हे विचारलं नाही. मिस्टर म्हणतात मधला आकडा धर आणि मोकळी हो. पण वीजजोडणीचा भार वाढवायचाय, वायरिंग करायचंय, त्यामुळे आकडा आधी हवा. हिशोब कसा करतात ते कुणी सांगेल का? बीएस्सीपर्यंतचं गणित येतं, घाबरू नका.

बोरिवली_फास्ट

मिस्टरांचं ऐका, संसार टिकेल.

शीतलक

ताई, प्रश्न नीट मांडलाय. पीथमपूरच्या कारखान्यांत एसी प्लांटची कामं करण्यात माझी नोकरी गेली, त्या जोरावर सांगतो.

दुकानदार फुटांवर टन सांगतो तो ठोकताळा मुख्यतः घरच्या बेडरूमचा आहे. दोन माणसं, एक टीव्ही आणि बहुतेक वेळा डोक्यावर तापलेली गच्ची. तुमच्याकडे वर मजला असल्याने गच्चीचं ऊन नाही. उलट बेडरूमएवढ्या जागेला दोनऐवजी आठ-दहा माणसं. म्हणजे ठोकताळ्याच्या दोन्ही बाजू बदलल्या. क्षेत्रफळ बाजूला ठेवा आणि खोलीच्या आत उष्णता कोण सोडतंय ते एकेक करून लिहा.

आधी एकक. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं इंग्रजी एकक), वॅटमध्ये सुमारे ३,५००. पुढचं सगळं वॅटमध्येच करू.

माणसं. बसून वाचन-लेखन करणारा प्रौढ साधारण ११५ वॅट उष्णता सोडतो. त्यातले ७० वॅट हवा तापवतात, ती कोरडी उष्णता, आणि ४५ वॅट घाम व श्वासाच्या वाफेतून येतात, त्याला सुप्त उष्णता म्हणायचं. हे दोन आकडे शेवटपर्यंत वेगळे ठेवा, एकत्र करू नका. ४० जणांचे झाले २,८०० कोरडे आणि १,८०० सुप्त. बेरीज ४,६०० वॅट, म्हणजे दोन मोठे गिझर खोलीत अखंड चालू.

हे विभाजन खोली २४ अंशांच्या आसपास असतानाचं. खोली २७ ला ठेवली तर एकूण तेवढंच राहतं, पण कोरडा भाग सुमारे वीस टक्क्यांनी घटतो आणि तेवढा घाम वाढतो.

अडाणी_प्रश्न

काका, दीड टनाचा एसी म्हणजे ५ किलोवॅट का मग? आमच्या मीटरवर तर दीड किलोवॅटच्या आसपास दिसतं.

शीतलक

५ किलोवॅट उष्णता तो खोलीतून बाहेर नेतो आणि ती नेण्यासाठी दीड किलोवॅट वीज खातो. बाहेरच्या युनिटमधून दोन्हींची बेरीज बाहेर पडते, म्हणून त्याच्यासमोर उभं राहवत नाही.

मीटर_रीडर

लॅपटॉपचं मी सांगतो. माझ्याकडे प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर आहे आणि घरातली प्रत्येक वस्तू मोजायचा मला रोग आहे.

लॅपटॉपच्या चार्जरवर ६५ वॅट लिहिलेलं असतं. ४० गुणिले ६५ करून २,६०० वॅट धराल तर फसाल. बॅटरी भरलेली असताना पीडीएफ वाचायला १०-१५ वॅट लागतात, व्हिडिओ लेक्चरला २०-२५. रिकामी बॅटरी भरताना तो ५०-६० वर जातो, पण तासाभरात उतरतो. पाटीवरचा आकडा वायर आणि फ्यूज ठरवण्यासाठी असतो, उष्णतेसाठी नाही. अमेरिकेतल्या ॲशरे या एसी-इंजिनिअरांच्या संस्थेच्या अभ्यासातही ऑफिसातली यंत्रं प्रत्यक्षात पाटीच्या २५ ते ५० टक्केच वीज घेताना आढळली.

शिवाय सगळे लॅपटॉप आणत नाहीत. पीएससीवाली पोरं जाड पुस्तकं आणि मोबाइल, एवढ्यावरच. २० लॅपटॉप गुणिले २५ आणि मोबाइलचे १००, असे ६०० वॅट धरा. भरपूर झाले.

अवांतर: इथे बॅटरी भरून घरी जाऊन वापरली तर ती उष्णता घरी जाते. घरून भरून आणली तर तुमच्या हॉलमध्ये येते. पोरं फुकटची वीज सोडणार नाहीत, त्यामुळे हिशोब तुमच्या बाजूने झुकतो. लाइट बिल मात्र तुमचंच.

अडाणी_प्रश्न

आणि पंखे? ते तर थंड करतात ना?

मीटर_रीडर

पंखा माणसाला थंड करतो, खोलीला नाही. बंद खोलीत जेवढी वीज जाते तेवढी शेवटी उष्णताच होते, मग ती पात्यांतून जावो की बल्बातून. जुना पंखा पूर्ण वेगात ७५ वॅट, सहांचे ४५०. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घेतले तर ३० च्या आसपास, सहांचे १८०.

पण पंखे काढू मात्र नका. वारा अंगावर असला की २६ अंशसुद्धा सुखाचे वाटतात. पंख्याविना पोरं रिमोट मागून २० वर नेतील.

पोहेजलेबी

रिमोट माझ्याकडेच राहणार! 😄

शीतलक काका, वहीत मांडलंय: माणसं २,८०० कोरडी + १,८०० सुप्त. दिवे १२ ट्यूब × २० = २४० आणि टेबलाचे ४० × ४, मिळून ४००. लॅपटॉप-मोबाइल ६००. पंखे ४५०. कोरडी बेरीज ४,२५०. बरोबर ना?

अजून एक. पाण्याचा कूलर आणि चहासाठी इलेक्ट्रिक किटली हॉलच्या कोपऱ्यात ठेवणार होते. इन्व्हर्टर-बॅटरीसुद्धा तिथेच.

शीतलक

बेरीज बरोबर. कोपऱ्यातलं सगळं जिन्याच्या चौकात काढा.

पाण्याचा कूलर आत ठेवलात तर पाण्यातून काढलेली उष्णता मागच्या जाळीतून हॉलमध्येच येते, वर कॉम्प्रेसरची वीज. एसीने थंड केलेल्या हवेत अजून एक छोटा एसी उलटा चालवल्यासारखं ते होतं. किटली दीड हजार वॅटची, चालते थोडा वेळ पण वाफ सोडते. आणि लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, बंद खोलीत माणसांजवळ ती नकोच. वीज गेली-आली की चार्जिंगला इन्व्हर्टर तापतो तो वेगळाच. सीसीटीव्हीचा डबा आणि राउटर तेवढे आत राहू द्या, त्यांचं काही नाही.

आता ज्याने दोन्ही दुकानदारांचा हिशोब चुकतो ती गोष्ट, ताजी हवा. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच फिरवतो. बसलेला माणूस ताशी साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, ४० जण ७२० लिटर. तुमचा हॉल २१४ घनमीटर. दारं-खिडक्या अगदी घट्ट असतील तर तासाभरात त्याचं प्रमाण दशलक्षात तीन हजारांनी चढेल. बाहेर असतं सव्वाचारशेच्या आसपास. दार उघडझाक होत असल्याने एवढं होणार नाही, पण दुपारी पोरं पेंगायला लागतील आणि दोष जेवणाला देतील.

वाचनालयासाठी ॲशरेचा नियम माणशी सेकंदाला अडीच लिटर आणि चौरस मीटरला ०.६ लिटर असा आहे. तुमचे १०० + ४० = १४० लिटर, म्हणजे ३०० सीएफएमचा (मिनिटाला ३०० घनफूट) जाळीवाला फ्रेश एअर पंखा. आत ढकलणारा घ्या. बाहेर ओढणारा लावलात तर रस्त्याची धूळ प्रत्येक फटीतून येईल.

मे महिन्यात बाहेर ४२, आत २५. फरक १७. हवेचा गुणक (सेकंदाला लिटरभर हवा एका अंशाने थंड करायला लागणारे वॅट) पुस्तकात १.२ असतो, पण इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्याने हवा सुमारे सहा टक्के विरळ, म्हणून १.१३ घ्या. १.१३ × १४० × १७ = जवळपास २,७०० वॅट. सगळी माणसं मिळून जेवढी कोरडी उष्णता देतात तेवढीच त्यांना लागणारी हवा आणते!

भिंती, खिडक्या, वर-खालचे स्लॅब मिळून मी मे महिन्यासाठी ३,५०० धरतो. बघायला येईन तेव्हा बदलेल.

४,२५० + २,७०० + ३,५०० + माणसांचे सुप्त १,८००. बारा किलोवॅटच्या थोडं वर. मेमधली बाहेरची हवा कोरडी, ती आतला थोडा दमटपणा फुकट शोषते, म्हणून १२ वर थांबू. म्हणजे ३.४ टन.

लष्करवाला

ग्वाल्हेरहून रामराम. एवढं गणित कशाला? आमच्याकडे लष्कर भागात कोचिंगवाले गच्चीवर मोठा डक्ट कूलर बसवतात, हॉलमध्ये हवेचा लोट सोडतात, खिडक्या उघड्या. ताज्या हवेचा प्रश्नच नाही. मे महिन्यात हवा कोरडीठाक. बाहेर ४२ आणि ओल्या फडक्याचं तापमान (थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळून दिसणारं) २२ असेल तर चांगला कूलर २६ ची हवा देतो. वीज एसीच्या मानाने नगण्य.

सूरसागर

आणि जुलैत?

लष्करवाला

जुलैत पोरं अंघोळ करून आल्यासारखी दिसतात, कबूल.

सूरसागर

तेच म्हणणार होतो. आम्ही बडोद्याचे, आमच्या इथे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत कूलर म्हणजे आजार. दांडिया बाजारात आमच्या भावाने ट्यूशनच्या खोलीला दोन मोठे एसी घेतले, ऐपतीपेक्षा मोठे. उन्हाळा छान गेला. पावसाळ्यात खोली २३ अंशांवर थंडगार, पण वह्यांची पानं मऊ, टेबलावर चिकट थर, भिंतीला बुरशीचा वास. मेकॅनिक गॅस तपासून गेला, गॅस ठीक. कारण आजतागायत कुणी सांगितलं नाही. शीतलकसाहेब, तुम्ही सांगाल का?

शीतलक

म्हणूनच म्हटलं होतं दोन आकडे वेगळे ठेवा.

ताईंच्या हॉलचाच ऑगस्ट घेऊ. बाहेर २८-३० अंश आणि सतत रिपरिप. भिंतींतून येणारं जवळपास संपलं, ८०० धरा. ताज्या हवेतला तापमानाचा फरक पाचेक अंशांचा, म्हणजे आणखी ८००. आतलं ४,२५० तसंच, कारण पोरं, दिवे, पंखे ऋतू बघत नाहीत. कोरडी बेरीज ५,८५०, मे महिन्याच्या निम्म्याच्या जरा वर.

आता पाणी. पावसाळ्यात किलोभर हवेत २१-२२ ग्रॅम वाफ असते, २५ अंशांच्या सुखावह खोलीत ११-१२ हवी. म्हणजे किलोमागे १० ग्रॅम काढायचे. १४० लिटरच्या हिशोबाने तासाला पाच लिटरहून अधिक पाणी नुसत्या ताज्या हवेचं. माणसांचं अडीच लिटर. एकूण आठ लिटरच्या घरात. लिटरभर वाफेचं तासात पाणी करायला ६८० वॅट, म्हणजे सुप्त उष्णता साधारण ५,४०० वॅट.

बेरीज ११ किलोवॅटच्या वर. मे आणि ऑगस्टचा एकूण भार जवळजवळ सारखाच, पण ऑगस्टमध्ये त्यातला निम्मा पाण्याचा. घरगुती स्प्लिट आपल्या ताकदीचा पाऊण हिस्सा हवा थंड करण्यावर आणि पाव हिस्सा पाणी काढण्यावर खर्च करतो, थोडंफार इकडेतिकडे. शिवाय थर्मोस्टॅटला फक्त तापमान कळतं.

आता सहा टन लावा. ५,८५० वॅटची कोरडी उष्णता ती यंत्रं बसल्या बसल्या उचलतात. २५ आले की साधा एसी कॉम्प्रेसर बंद करतो, कॉइलवरचं (आतल्या थंड नळ्यांच्या जाळीवरचं) पाणी पंख्याच्या वाऱ्याने परत खोलीत जातं. इन्व्हर्टर एसी बंद होत नाही पण इतका हळू चालतो की कॉइल पुरेशी गार राहत नाही आणि पाणी धरतच नाही. खोली थंड, पण पाणी हवेतच. बडोद्याच्या वह्या अशा मऊ पडल्या.

सूरसागर

अरे देवा. म्हणजे मोठा घेतला हाच दोष. भावाला हा धागा पाठवतो, पण तो मानणार नाही. "मोठं घेतलेलं कधी वाया जात नाही" हे त्याचं ब्रीद आहे.

बोरिवली_फास्ट

वाखूसा (वाचनखूण साठवली). आयुष्यात पहिल्यांदा एसीच्या धाग्यात कंपन्यांची मारामारी सोडून काही वाचलं.

पोहेजलेबी

काका, डोकं गरगरलं पण कळलं. मग ३.४ टन आलं तर दोन-दोनचे दोन घेऊ? आणि ४० च्या ४० खुर्च्या कधी भरतील असं मला वाटत नाही. निम्मी मुलं सकाळची, निम्मी संध्याकाळची.

मीटर_रीडर

भरतील. मे महिन्यात दुपारी तीनला एकही खुर्ची रिकामी दिसणार नाही. पोरं अभ्यासाला येवोत न येवोत, रूमवरचा पत्रा तापला की थंडाव्याला येतातच. इतर ठिकाणी सगळे एकदम येत नाहीत म्हणून सूट देतात, पण इथे गर्दीची वेळ आणि उन्हाची वेळ एकच आहे.

शीतलक

सहमत, माणसांवर सूट नको. लॅपटॉपवर आपण ती आधीच घेतलीय. अर्ध्या मुली असतील तर हिशोबात त्यांना पुरुषाच्या ८५ टक्के धरतात, पण एवढं बारीक सोलायची गरज नाही.

अजून एक सूट पुस्तकात असते. माणसं आणि दिवे यांची बरीच उष्णता आधी किरणांनी भिंती-टेबलांत मुरते आणि मागाहून हवेत उतरते, त्यामुळे तासा-दोन तासांच्या वापराला यंत्र लहान चालतं. तुमचं दिवसाचे सतरा तास चालू, मुरलेलं सगळं बाहेर येणारच. ती सूट विसरा.

दोन-दोनचे दोन म्हणजे काठावर. एसीच्या डब्यावरचा टन बाहेर ३५ आणि आत २७ अंश असतानाचा असतो, आपल्याकडची चाचणी त्यावरच होते. ४२-४३ मध्ये आणि आत २५ ठेवून तो तेवढा मिळत नाही. मी १५ टक्के कमी धरतो. ३.४ भागिले ०.८५ = चार टन बरोबर, जाळी धुळीने भरली की त्याहून कमी.

माझं मत दीड-दीडचे तीन, इन्व्हर्टर. मे महिन्यात तिन्ही. जुलै-ऑगस्टला एक पूर्ण बंद ठेवा आणि उरलेले दोन जोरात चालवा, म्हणजे कॉइल गार राहून पाणी निघेल. तरी मुसळधारेच्या दिवशी दमटपणा थोडा चढाच राहील. हिवाळ्यात नुसता फ्रेश एअर पंखा. आणि एखादा बिघडला तर मेकॅनिक येईपर्यंत दोनावर दिवस निघतो, दोन-दोनमध्ये तेच निम्म्यावर याल.

लष्करवाल्यांचा कूलर मी टाकून देत नाही. एप्रिल-मेमध्ये ताजी हवा त्यातून घेता आली असती, पण तुमची गच्ची हॉलच्या थेट वर नाही आणि पाण्याची ये-जा कोण बघणार? माळव्यात रात्री बऱ्यापैकी थंड होतात, त्याचा फायदा घ्या. मे महिन्यात रात्री ११ नंतर अभ्यासिका बंद झाली की खिडक्या उघडून फ्रेश एअर पंखा पहाटेपर्यंत चालू ठेवा. स्लॅब थंड झालेला असला की सकाळी एसीवरचं ओझं उतरतं.

लष्करवाला

आमच्या ग्वाल्हेरला रात्रीसुद्धा लू (उष्ण वारा) चालते, तुमचं बरंय इंदूरवाल्यांचं.

पोहेजलेबी

मिस्टरांना वही दाखवली. म्हणाले, "म्हणजे मी म्हटलं तेच, मधला आकडा." साडेचार. काय बोलणार!

पंखे बीएलडीसी घेते, कूलर-किटली-बॅटरी चौकात. थ्री फेजचा अर्ज तीन एसींच्या हिशोबाने भरते. आता एकच. तासाला आठ लिटर पाणी म्हणजे दिवसाला शंभरावर. खालचा मोबाइलवाला आत्ताच म्हणतोय की माझ्या शेडवर थेंब पडला तर बघा. ते पाणी सोडायचं कुठे?

शीतलक

तिन्ही एसी मागच्या चौकाच्या भिंतीवर एका ओळीत बसवा, रस्त्याकडे नको. तिघांचे पाईप एका इंची पीव्हीसीत जोडून चौकातल्या मोरीत. उतार सगळीकडे एकाच दिशेने हवा. मधे कुठे पाईप वर चढला की पाणी तुंबून हॉलमध्ये टपकतं. मिस्त्री पैसे मागायला आला की आधी प्रत्येक युनिटच्या ट्रेमध्ये लिटरभर पाणी ओतायला सांगा आणि ते मोरीत पोचताना स्वतः उभं राहून बघा.

पोहेजलेबी

काका, रविवारी माप घ्यायला या ना. चहा चौकात ठेवलेल्या किटलीचाच मिळेल.